महिलांच्या निवासी शिबिरात सेविका म्हणून जाताना

गोराईला आमचं बायकांचं तीन दिवसांचं निवासी शिबिर भरतं. शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतं, रविवारी दुपारच्या चहानंतर संपतं. बोलायला, लिहायला, गप्प बसायला, स्वतःच्या आयुष्याकडे जरा लांबून बघायला तीन दिवस, एवढंच त्याचं स्वरूप. प्रत्येक शिबिरानंतर कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, "ताई, पुढच्या वेळी मला सेविका म्हणून घ्या ना." त्यांना फोनवर जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे. मी पालिकेच्या शाळेत शिकवते, बोरिवलीत राहते आणि शाळेच्या सुट्ट्या सांभाळून हे काम करते. तुमचं शिबिर कर्जतला असेल, उत्तनला असेल, नाहीतर दादरच्या एखाद्या सभागृहात दिवसभराचं असेल. काम थोड्याफार फरकाने हेच.

सेविकेचं काम म्हणजे आलेल्या बाईला तीन दिवस कुणाचंही काही करावं लागणार नाही, हे बघणं. तिच्या आयुष्याचा गुंता सोडवायला सत्र घेणाऱ्या ताई आहेत आणि मुख्य म्हणजे ती स्वतः आहे. आपण तिचा वेळ राखायचा. खाली जे काही सांगणार आहे ते सगळं यातूनच निघतं.

आधी शिबिरार्थी, मग सेविका

गोराईच्या खाडीवरून विपश्यना ध्यानाचा सोनेरी पॅगोडा दिसतो. त्या विपश्यना परंपरेत धम्मसेवक व्हायचं तर आधी स्वतः १० दिवसांचं एक शिबिर पूर्ण केलेलं असावं लागतं. हा नियम मला फार योग्य वाटतो आणि आम्हीही तोच लावतो. ज्या शिबिरात सेवा करायची, त्यात एकदा तरी खाली सतरंजीवर बसलेलं असावं. पहिल्या रात्री अनोळखी खोलीत झोप लागत नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पळून जावंसं वाटतं, आपली पाळी आली की घशाला कोरड पडते. हे स्वतः अनुभवलेलं असलं की समोरच्या बाईकडे बघण्याची नजर बदलते.

दुसरी गोष्ट जरा कठीण आहे, पण स्पष्ट सांगते. गेल्या वर्षभरात घरात मृत्यू झाला असेल, घटस्फोटाची केस चालू असेल, मोठ्या आजारातून उठला असाल, तर सेविका म्हणून येऊ नका. शिबिरार्थी म्हणून या. दुसऱ्यांचं करता करता आपलं दुःख विसरू, असं बऱ्याच जणींना वाटतं. प्रत्यक्षात दुसरीची गोष्ट ऐकताना आपलीच जखम उघडी पडते आणि मग सांभाळायला एक बाई वाढते.

हो म्हणण्याआधी काय विचारायचं

आयोजकांना चार गोष्टी मोकळेपणाने विचारा. विचारायला संकोच वाटत असेल तर तो संकोच बाजूला ठेवा, कारण शिबिरात प्रश्न विचारणं आणखी अवघड होतं.

राहण्याजेवण्याचा खर्च कोण करणार? काही ठिकाणी सेविकांकडूनही जेवणाचे पैसे घेतात, काही ठिकाणी प्रवासखर्चसुद्धा देतात. दोन्हीत गैर काही नाही, पण आधी कळलेलं बरं.

सत्रं कोण घेणार आणि त्यांचं शिक्षण काय? मानसशास्त्राचा किंवा समुपदेशनाचा रीतसर अभ्यास केलेली एक तरी व्यक्ती तिथे हजर असेल का, निदान फोनवर तरी मिळेल का? "आमच्या ताईंना उपजतच कळतं" हे उत्तर मला पुरत नाही.

जोरजोरात श्वास घेण्याचे प्रयोग होणार आहेत का? असतील तर आणखी खोलात जाऊन विचारा. वेगाने, खोल श्वास घेत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मग ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते, बोटं आखडतात. बाईला वाटतं काहीतरी दैवी घडतंय किंवा आपण मरतोय. गरोदर, फिट येणाऱ्या, हृदयविकार किंवा वाढलेलं बीपी असलेल्या बायकांना यात बसवू नये. ही चाळणी शिबिराआधीच लावली जाते ना, याची खात्री करून घ्या.

आणि तक्रार करायची झाली तर कुणाकडे? शिबिर बायकांचं असलं तरी हॉलचा व्यवस्थापक, ड्रायव्हर, साऊंडवाला पुरुष असू शकतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'कर्मचारी' या व्याख्येत विनामोबदला, स्वेच्छेने काम करणारीही येते. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर संस्थेत अंतर्गत समिती हवी. त्याहून छोट्या संस्थेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. आपण फुकट काम करतो म्हणून आपल्याला हक्क नाहीत, असं समजू नका.

याशिवाय एक गोष्ट मी नेहमी बघते. शेवटच्या दिवशी पुढच्या 'स्तरा'च्या महागड्या शिबिराची नावनोंदणी करून घ्यायला सेविकांना सांगतात का? बायका तीन दिवसांत मन मोकळं करून बसलेल्या असतात, डोळे अजून ओले असतात, त्या वेळी कुणी हातात फॉर्म दिला तर नाही म्हणवत नाही. ज्या शिबिरात सेविकेकडून हे काम अपेक्षित असेल तिथे मी जात नाही. तुम्हीही जाऊ नका. पुढचं शिबिर चांगलं असेल तर बाई घरी जाऊन, पैशांचा हिशेब करून, आठवड्याने स्वतः फोन करेल.

आधीचा फोन

शिबिराच्या आठवडाभर आधी प्रत्येक शिबिरार्थीला फोन करायचा असतो. माझ्या मते अर्धं शिबिर या फोनवरच सुरळीत होतं. संध्याकाळी सहा ते आठ टाळा. तेव्हा तिचा गॅस पेटलेला असतो आणि घरातले सगळे आजूबाजूला असतात. दुपारी करा. सुरुवातीलाच विचारा, "आत्ता मोकळेपणाने बोलता येईल का?"

मग औषधं विचारा. बीपी, साखर, थायरॉइड, फिट, दमा, आणि मनाच्या आजारावरची गोळी. "शिबिरात बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नाही," हे तेव्हाच सांगून टाका. गुडघे कसे आहेत, खाली बसता येतं की खुर्ची हवी, कमोड लागतो का, चतुर्थी किंवा शुक्रवार आहे का, कांदा-लसूण चालतो का, नमाजासाठी जागा हवी का, रविवारी चर्चला जायचंय का. गोराई-उत्तनकडे ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाची, वस्ती आहे, चर्च जवळच आहे, त्यामुळे सकाळची सोय सहज होते. पाळीची तारीख विचारायची गरज नाही. पॅड आपल्याकडे आहेत एवढं सांगायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. "काही झालं तर फोन कुणाला करायचा?" हा प्रश्न विचारला की बाई आपोआप नवऱ्याचा नंबर सांगते. मी तो लिहून घेते आणि मग पुन्हा विचारते, "तुमच्या भरवशाचं माणूस कोण? ज्याचा आवाज ऐकला की बरं वाटतं?" तिथे कधी बहीण येते, कधी शेजारीण, कधी कॉलेजातली मुलगी. रात्री दीडला कुणाला फोन लावायचा हे या दुसऱ्या नंबरावरून ठरतं. दोन्ही नंबर सारखेच असतील तर छानच. सारखे नसतील तर त्यावर काही बोलायचं नाही.

काही बायका घरी "ऑफिसचं ट्रेनिंग आहे" असं सांगून येतात. त्यांना उपदेश करू नका. आपल्याला फक्त इतकंच कळायला हवं, की शिबिराच्या नंबरवरून त्यांच्या घरी फोन जाता कामा नये.

पिशवीत काय हवं

सुती, न आवाज करणारे कपडे आणि रबरी तळाची चप्पल. पैंजण, काचेच्या बांगड्या, खुळखुळणारी किल्ली हॉलमध्ये नको. टॉर्च, सेफ्टी पिना, सुईदोरा, केसांचे रबर, सॅनिटरी पॅड, ओडोमॉस, गरम पाण्याची पिशवी, जाड मार्कर, कागदी चिकटपट्टी. ओआरएसची पाकिटं घ्या. संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचाच. स्वतःच्या गोळ्या दुसरीला देऊ नका, डोकेदुखीचीसुद्धा. कुणाला कशाची ॲलर्जी आहे हे आपल्याला माहीत नसतं.

बोरिवली पश्चिमेहून गोराई खाडीपर्यंत बस किंवा रिक्षा, मग बोटीने पलीकडे, तिथून पुन्हा रिक्षा. सामान जास्त असेल किंवा कुणी व्हीलचेअरवर येणार असेल तर भाईंदरकडून रस्त्याने या. ओहोटी असेल तेव्हा जेट्टीच्या पायऱ्या ओल्या आणि निसरड्या असतात. म्हणून एक सेविका शुक्रवारी चार वाजल्यापासून जेट्टीवरच उभी असते. भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघून ठेवा आणि साठीच्या पुढच्या बायकांना त्याप्रमाणे बोलवा.

नोंदणीचं टेबल

बाई येते ती घाम पुसत, पिशवी सांभाळत, आणि शक्यतो फोनवर बोलतच. "भाजी फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात आहे. नाही, हिरव्या झाकणाच्या डब्यात." तिला फोन पूर्ण करू द्या. घाईने कागद पुढे सरकवू नका. आधी पाणी, मग खुर्ची, मग सही.

बिल्ल्यावर फक्त हाक मारायचं नाव लिहायचं. वडिलांचं, नवऱ्याचं, आडनाव काही नाही. डॉक्टर, प्राचार्य, मिसेस काहीही नाही. "इथे तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू?" असं विचारून मार्कर तिच्याच हातात द्यायचा. बरेचदा ती पटकन लिहिते. पण कधी एखादी थांबते. लग्नात तांदळावर लिहून जिचं नाव बदललं होतं, अशी एक साठीची बाई मार्कर हातात धरून बराच वेळ उभी होती. मागे रांग होती. मी रांगेला दुसऱ्या टेबलाकडे वळवलं. तिने शेवटी माहेरचं नाव लिहिलं, लहान अक्षरात, आणि मग त्यावरून पुन्हा एकदा जाड गिरवलं. तीन दिवस सगळ्यांनी तिला त्याच नावाने हाक मारली. अशा वेळी "अरे वा, किती छान" वगैरे काही म्हणायचं नाही. पिन लावायला मदत करायची आणि खोली दाखवायची.

फोन जमा करायचे असतील तर प्रत्येकीचा स्वतंत्र कापडी पाऊचमध्ये, नाव लावून, तिच्या देखत कुलपात. संध्याकाळी अर्धा तास परत द्यायचा. लहान मूल किंवा आजारी माणूस घरी असेल तिचा फोन काढून घ्यायचा हट्ट धरू नका. तिचं लक्ष सगळा वेळ कुलपावर राहील.

शिबिराच्या नंबरवर घरून फोन येतात. "आमच्या मिसेस पोचल्या का?" यावर सगळ्यांना एकच उत्तर: "इथे कोण आलंय, कोण नाही, हे आम्ही फोनवर कुणालाच सांगत नाही. निरोप सांगा, असल्यास पोचवते." प्रेमळ नवऱ्याला ते तुसडं वाटेल, वाटू द्या. कारण एखादीचा माग काढणारा माणूससुद्धा तितक्याच गोड आवाजात विचारतो आणि आपल्याला आवाजावरून ओळखता येत नाही.

खोल्या वाटताना वय आणि गुडघे बघून बाथरूमजवळची जागा द्या. आई-मुलगी, सासू-सून, जावा-जावा एकत्र आल्या असतील तर खोली वेगळी आणि गटही वेगळा. त्या मागतील तरी.

ताटावरून उठणाऱ्या बायका

हे मी जरा सावकाश सांगते, कारण नव्या सेविकेला हे क्षुल्लक वाटतं.

पहिल्या रात्रीचं जेवण. साधं असतं, पिठलं, भाकरी, ठेचा, भात, ताक. बायका पंगतीला बसतात आणि पाच मिनिटांत निम्म्या उठतात. एक वाढायला येते, एक स्वयंपाकघरात डोकावून "मावशी, भाकऱ्या थापू का?" विचारते, एक शेजारणीचं ताट उचलते. कुणीतरी पंगतीतल्या सगळ्यांचं झाल्याशिवाय घासच घेत नाही. कुणी सांगितलेलं नसतं. हात आपोआप चालतात.

तिथे आपण जाऊन म्हणायचं, "ताई, बसा. आज वाढायचं काम आमचं." हसून, पण ठामपणे. एकदा सांगून बसणार नाहीत. दोनदा, तीनदा सांगावं लागतं. काही जणी खरोखर अस्वस्थ होतात, एखादीला रागही येतो. "मला नुसतं बसून खायची सवय नाही." तिची थट्टा करू नका आणि त्यावर भाषणही देऊ नका. तिच्या वाटीत पिठलं वाढा, भाकरी गरम आहे ना बघा आणि पुढे जा. सत्रात या गोष्टीवर बोलणं होईल तेव्हा होईल. पंगत म्हणजे सत्र नव्हे.

माझ्या लक्षात आहे ती एक नऊवारीतली आजी. पहिल्या रात्री तिने ताट अगदी पोटाशी धरलं होतं, मला उचलू देईना. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने जेवण झाल्यावर ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "थोडा भात आण गं अजून." मी आणला. एवढंच.

शिबिरार्थी बसल्या म्हणून ते काम गावातून येणाऱ्या मावशींच्या अंगावर पडलं, असं होता कामा नये. सेविकांनी भांडी घासायला, ताटं विसळायला मावशींच्या बरोबरीने उभं राहायचं. मावशींना त्यांच्या नावाने हाक मारायची आणि त्यांचं जेवण सगळ्यात शेवटी उरलंसुरलं होणार नाही हे बघायचं. बायकांनी विसावा घ्यावा म्हणून दुसऱ्या बाईला राबवलं तर शिबिर कशाला घ्यायचं?

सत्र चालू असताना

आपली जागा दाराजवळ, भिंतीला पाठ लावून. आपण ऐकतो, बोलत नाही. "माझ्याही बाबतीत असंच झालं होतं" हे वाक्य सेविकेच्या तोंडून यायला नको. आपली गोष्ट खरी असते, पण ती सांगितली की समोरची बाई लगेच आपली समजूत काढायला लागते. तिला तीच तर सवय आहे.

कुणी रडायला लागलं की आपला हात आपोआप पुढे जातो. थांबा. रुमाल, टिश्यूचा डबा तिच्या हाताला लागेल असा ठेवा, पण तिच्या हातात कोंबू नका. हातात दिला की त्याचा अर्थ 'पूस आता' असा होतो. पाठीवर हात फिरवण्याआधी विचारा. ज्या बाईने नको असलेला स्पर्श सोसलेला असतो तिला मागून आलेला हात दचकवतो. "उगी उगी", "सगळं ठीक होईल", "देवावर सोड" हेही नको. नुसतं शेजारी, थोडं तिरकं बसलं तरी पुरतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची एक पुस्तिका काढली. त्यात पाहा, ऐका आणि जोडून द्या, अशा तीन पायऱ्या आहेत. सेविकेला तेवढ्या पुरतात. काय चाललंय ते पाहायचं, ती सांगेल तेवढं ऐकायचं, आणि पुढची मदत जिथे आहे तिथे तिला पोचवायचं. सल्ला या तीनात कुठेच नाही.

कुणी उठून हॉलबाहेर गेलं तर एका सेविकेने थोडं अंतर ठेवून मागे जायचं. अडवायचं नाही. घाबरून छाती धडधडत असेल, श्वास लागल्यासारखं वाटत असेल तर बसवा, पावलं जमिनीवर टेकवायला सांगा, श्वास सोडताना सावकाश सोडायला सांगा, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा. थोड्या वेळात उतरतं. पण छातीत दुखणं, जबडा, खांदा किंवा डावा हात दुखणं, थंड घाम, दम लागणं यातलं काही असेल तर "टेन्शन असेल" म्हणून वाट बघू नका. बायकांचा हृदयविकार कधी कधी नुसता थकवा, मळमळ आणि पाठदुखी यांतूनच समोर येतो. १०८ ला फोन करा. बेटासारख्या भागात गाडी यायला वेळ लागतो हे लक्षात घेऊन जवळच्या दवाखान्याचा पत्ता आणि रात्री मिळणाऱ्या गाडीवाल्याचा नंबर शुक्रवारीच भिंतीवर चिकटवा.

फिट आली तर आजूबाजूच्या वस्तू हटवा, डोक्याखाली दुपट्टा सारा, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नाही, पाणी नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवणं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

संगीत लावून, डोळे मिटून केलेल्या सत्रात एखादीच्या अंगात येतं. आपल्याकडे हे होणारच, त्याची तयारी ठेवा. बाकीच्या बायका पाया पडायला धावतात, कुणी हळदकुंकू शोधतं, कुणी तोंडावर हात धरून हसतं. यातलं काहीच होऊ देऊ नका. संगीत थांबवा, दिवे लावा, सत्र घेणाऱ्या ताईंनी बाकीच्यांना पाणी प्यायला बाहेर न्यावं, आणि दोन सेविकांनी तिच्याजवळ शांतपणे बसावं. तिचं नाव घेऊन हाक मारावी. शांत झाल्यावर तिला लाज वाटते. "काय झालं होतं?" असं तिने विचारलं तर जे दिसलं ते साध्या शब्दांत सांगा, भक्तीचा किंवा वेडेपणाचा रंग न लावता.

कुणी जीव द्यायची भाषा केली तर विषय बदलू नका. "जीव द्यावासा वाटतोय का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तिला एकटं सोडू नका, प्रमुखांना लगेच सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, २०२२ पासून. घरात मारहाण होत असेल तर १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, लगेच धोका असेल तर ११२. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे जाता येतं. हे तिला सांगा, हवं तर कागदावर नव्हे तर तिच्या फोनमधल्या नंबरांत मैत्रिणीच्या नावाने सेव्ह करून द्या. जायचं की नाही, कधी जायचं, ते ती ठरवेल.

"कुणाला सांगणार नाहीस ना?" असं कुणी विचारलं तर पूर्ण वचन देऊ नका. "तुमची गोष्ट माझ्यापाशी राहील. फक्त जिवाला धोका असेल तर मी प्रमुखांना सांगेन, आणि ते तुम्हाला आधी सांगून." हे वाक्य मी पाठ केलेलं आहे.

रात्र, आणि तुमची स्वतःची झोप

खऱ्या गोष्टी रात्री साडेदहानंतर बाहेर येतात, व्हरांड्यात, चपला शोधताना. म्हणून पॅसेजमध्ये एक खुर्ची आणि त्यावर एक जागी सेविका हवी. पाळ्या लावा, दोन-दोन तासांच्या. जी रात्री जागली तिला सकाळचा चहा बनवायला लावू नका.

संध्याकाळी फुगड्या, झिम्मा, मंगळागौरीचे खेळ ठेवतात, मजा येते. फरशी कोरडी आहे ना एवढं बघा आणि जिला नाचायचं नाही तिला ओढू नका.

रोज रात्री सेविकांची आढावा बैठक घ्या. कोण जेवलं नाही, कुणाची गोळी राहिली, कुणाकडे उद्या लक्ष द्यायचं. कुणाची गोष्ट तिथे चघळायची नाही. आणि एखाद्या सेविकेलाच भरून आलं असेल तर तिने ते सांगावं आणि दुसऱ्या दिवशी हॉलऐवजी स्वयंपाकघर घ्यावं. हे आम्ही अगदी सहज करतो, कुणी त्यात कमीपणा मानत नाही.

रविवार आणि नंतर

फोन निघण्याच्या तासभर आधी परत द्या, दारात उभं राहून नको. साठलेले मेसेज एकदम दिसले की चेहरे बदलतात. तो बदल आपल्या समोर, बसलेल्या जागी होऊ दे. मध्य आणि हार्बर मार्गावर रविवारी मेगाब्लॉक असतो, पश्चिमेला जंबो ब्लॉक, त्यामुळे वेळापत्रक सकाळीच बघून ठेवा आणि बायकांना बोरिवलीपर्यंत तीन-चार जणींच्या गटाने पाठवा.

फोटो काढायचेच असतील तर फक्त हो म्हणणाऱ्यांचे, आणि तेही कुठे टाकायचे हे आधी सांगून. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आपण होऊन कुणाला घालू नका. मुंबईत पुन्हा गाठ पडतेच. विरार लोकलच्या लेडीज डब्यात ती तुमच्यासमोर उभी असेल, बरोबर ऑफिसच्या मैत्रिणी असतील. तिने ओळख दाखवली तर हसा. नाही दाखवली तर खिडकीबाहेर बघा. "अगं, आपण शिबिरात भेटलो होतो ना!" असं सेविकेने कधीही म्हणू नये.

आठवड्याने प्रत्येकीला एकच फोन, आणि तो एकाच ठरलेल्या सेविकेने करायचा. चार जणींनी चार वेळा विचारपूस केली की तिला त्या फोनांचं ओझं होतं. औषधांचे आणि भरवशाच्या नंबरांचे कागद त्यानंतर फाडून टाका, ड्रॉवरमध्ये पुढच्या शिबिरासाठी जपून ठेवू नका. विसरलेल्या वस्तू, म्हणजे बहुतेक वेळा टॉवेल, चार्जर आणि एखादी जोडवी, घरच्या पत्त्यावर कुरियर करण्याआधी तिला विचारा.

आणि गोराई सोडण्याआधी स्वयंपाकाच्या मावशींचे पैसे त्यांच्या हातात द्या, ठरलेले सगळे. "उद्या पाठवते" म्हणू नका.